वकीलसाहेबांच्या पुतळ्याची आंघोळ

पुतळा धुवायचा तर आधी डोस्कं. खालून सुरू केलं की वरचा मळ धुतल्या अंगावर उतरतो आन दुबार पानी लागतं. डोस्कं झालं की कान, मंग नाकाखालची जागा, तितं कबुतराचं समदं येऊन अडकतं. चष्मा आसंल तर काड्यांपाशी कोळी घर करतो, त्याला काडीला चिंधी गुंडाळून काढायचं. जुना हार वढायचा न्हाई, तोडायचा. आतली तार रंगाला चरे पाडती. वर चढायच्या आधी चपला खाली आन चबुतऱ्याला डोस्कं टेकवायचं, न्हाईतर बाई पुतळ्यावर पाय देऊन राहिली म्हनून चौकात बोंब होती.

हे मला कोनी शिकिवलं न्हाई. सत्तावीस वर्सं नगरपालिकेत झाडू मारला, त्यातली वीस वर्सं पुतळे आन तसबिरी माह्या वाट्याला. देश स्वतंत्र झाला तवा ज्यांनी ज्यांनी तो उभा केला, ते समदे पालिकेच्या हालात भितीला वळीनं लावलेले. मला सही तेवढी येती, वाचता येत न्हाई. पर त्यातलं कोन कोन हाय ते मी टोपीवरून, मिशीवरून, कोटाच्या गुंड्यांवरून सांगते. कोनाची जयंती थंडीत, कोनाची उन्हाळ्यात, पाठ हाय. एक डाव टक्कल आन चष्मा बगून मी भलतीच तसबीर टेबलावर मांडली. हार पडला, भाषनं झाले, फोटू निघाला, कोनाच्या ध्यानात आलं न्हाई. दुसऱ्या दिशी आमचे मुकादम गफूरभाई आले आन म्हनले, "सुंद्राबाई, ज्याचा वाढदिवस था वो तो भितीवरून बगत बसला, आन पेढा दुसऱ्यानं खाल्ला."

दिवाळीच्या अंकाला पायजे म्हनून नात हे लिहून राहिली. मधीच सुधरून लिहाया लागली. म्या म्हनलं, तुह्या कालेजात सुधर, इतं ऱ्हाऊ दे.

आमचं गाव अहमदपूरच्या अंगचं, नांदेडला जानाऱ्या रस्त्याच्या बाजूचं, बाजाराचं. नाव घेत न्हाई. कामून ते पुढं कळंल.

गावाच्या चौकात वकीलसाहेबांचा पुतळा. निजामाच्या राजात ते आमच्या कचेरीत वकिली करायचे. मंग झेंडा घेतला, जेल झाली, पळून आले. राज गेल्यावर दिल्लीला गेले आन नव्या देशाचे कायदे लिहिनाऱ्यांत बसले. मोठा मानूस. पर मी त्यांला मोठे व्हायच्या आधी पाहिलेलं. जमिनीच्या आत.

रझाकाराचा टाईम हुता. मी आसंल सात-आठ वर्साची. आमच्या वस्तीच्या मागं एक जुनं पेव हुतं. पेव म्हंजे जमिनीत खोल खनलेलं धान्याचं कोठार, तोंड मानूस जेमतेम जाईल येवढं, पोट मोठं. ते रिकामं पडलेलं. पोलीस वकीलसाहेबांच्या मागावर आले तवा मोठ्या गल्लीतल्या कोनी दार उघडलं न्हाई. माह्या आईनं त्यांला पेवात उतरिवलं. आधी कंदील सोडला. आत वाईट हवा आसली की दिवा इझतो आन मानूस मरतो. दिवा जळत राह्यला, मंग वकीलसाहेब उतरले. वर कडबा टाकला.

दोन दिस ते आत हुते. आई रानात जायची, पानी सोडायची जिम्मेदारी माही. पितळेचा तांब्या, काठाला दबलेला, त्याला सुंभ बांधायचा आन हळू सोडायचा. खालून तोंड वर करायचे तवा उजेड त्यांच्या गालावर पडायचा. देवीचे वन, खड्डेच खड्डे. आम्ही तवा महार, धर्मांतर व्हायचं हुतं. आमच्या हातचं पानी गावात कोनी घेत न्हवतं. ते घटाघटा प्यायचे आन इचारायचे, "पोरी, हे पाणी कुठून आणतेस?"

"वढ्यातून. झिरा खनून."

"आड नाही वस्तीला?"

"न्हाई."

"मी सुटलो तर ह्या वस्तीला आड पाडून देईन. तुझ्या आईला सांग."

आईला सांगितलं. आईनं ते जपून ठिवलं. वकीलसाहेब एक डाव दिल्लीहून मोटारीत आले तवा आई तोच तांब्या घासून घिऊन रस्त्याला उभी राह्यली. त्यांनी वळखलं. हात जोडले. म्हनले, "आडाचं ध्यानात आहे, बाई." ध्यानात आसंल, मी न्हाई म्हनत न्हाई. देशाचं काम लई मोठं आसतं. आई तशीच मेली. वकीलसाहेब बी गेले. वढा हाय तितंच हाय.

ते गेल्यावर आमच्या नगराध्यक्षांनी टूम काढली, वकीलसाहेबांचा पितळी पुतळा करायचा, आन गावाच्या भांड्यांतून करायचा. घरोघरचं एक मोडकं भांडं द्यायचं, ते वितळून साहेब घडवायचे. ट्रेक्टर फिरला, म्होरं बँड. कोनी परात टाकली, कोनी हंडा, कोनी समई. ट्रेक्टर आमच्या वस्तीत बी आला. म्या आईचा तांब्या दिला. माही जाऊ गयाबाई भांडली, "यवढी एकच आठवन हाय तुह्या आईची, कामून देती?" मला वाटलं, जे आमच्या हातचं पानी घेत न्हाईत त्यांच्या हंड्यात माह्या आईचा तांब्या इरघळनार, येक होनार. लई अभिमान वाटला. कोनाला सांगितलं न्हाई, पर पुतळा पुसताना माहा हात त्याच्या छातीवर जरा थांबायचा. तांब्या तितंच कुटं तरी आसंल आसं धरून चालले हुते.

मंग लातूर जिल्हा झाला. आधी जिल्ह्याच्या कामाला उस्मानाबादेला जावं लागायचं, दिस मोडायचा. गावात गुलाल उधळला. आन त्याच्या पाठोपाठ दुष्काळ. दुष्काळ मला नवा न्हाई. बहात्तरला मी खडी फोडली, तलावाच्या कामावर माहे मालक दगडाखाली गेले, दोन पोरी घिऊन मी पालिकेत रोजंदारीला लागले. पर ह्या दुष्काळात वढ्याचा झिरा बी आटला. चार हात खनलं तरी कोरडी वाळू. टँकर यायचा तो मोठ्या गल्लीपस्तोर. वस्तीच्या वाट्याला हप्त्यातून एक, तो बी गढूळ.

आशात हुकूम आला. वकीलसाहेबांच्या जयंतीला नव्या जिल्ह्याचे मंत्री येनार, हार घालनार, आन बाजारात बोरिंगच्या मशीनीचा नारळ फोडनार. मशीन आदल्या दिशीच येऊन बाजारात उभी. स्वच्छता इन्स्पेक्टर म्हनले, "सुंदराबाई, पुतळा चकाचक पाहिजे. कायम करायच्या यादीत तुझं नाव आहे, ध्यानात ठेव."

आदल्या दिशी टळटळीत दुपारची गोष्ट. बाजार झोपलेला. पालिकेनं चबुतऱ्यापाशी एक पिंप भरून पानी ठिवलेलं, पुतळा धुवायला आन चौकात सडा मारायला. म्या शिडी लावली, आन मागं वळून बगते तर वस्तीतल्या बाया. धा-बारा. घागरी रिकाम्या. म्होरं गयाबाई.

"काय गं," गयाबाई म्हनली, "साहेबाला आंघोळ आन आमच्या लेकरायला चाटून पुसायचं व्हय?"

"सरकारी पानी हाय. माही रोजी जाईल."

"कमळीला बाळंत होऊन तिसरा दिस. धुनं तसंच पडलंय, वास सुटला. तूच सांग जाऊन तिला, पानी पुतळ्याला लागतंय म्हनून."

म्या पुतळ्याकडं पाहिलं, पिंपाकडं पाहिलं. पेवातलं ते तोंड आठवलं. मी शिडीवरून उतरले आन पिंपाचं झाकन काढलं. "बोलू नका. आन सांडू नका."

भांड्याला भांडं लागू न देता बायांनी पिंप रिकामं केलं. आवाज न्हाई. गयाबाईनं जाताना माह्या हातावर एक तांब्याभर पानी ठिवलं. "त्यांला तोंड धुवाया."

आता पुतळा कसा लखलखायचा? मला वाटलं, सोपं हाय. पितळ हाय. पितळेला पानी कशाला लागतं? चिंच आन राख. जलमभर भांडे घासले. तात्याच्या हाटेलातून चिंचेचा गोळा आनला, भट्टीतली राख आनली, आन वर चढून वकीलसाहेबांचा डावा गाल घासाया सुरुवात केली. जोर लावून. आईचा तांब्या घासायचे तसा.

चिंधी पिवळी झाली. मला वाटलं, मळ निघून राहिला. आनखी घासलं. मंग पानी मारलं आन पाहिलं.

गाल पांढरा-करडा. सोनेरी रंगाचं पापडं निघून माह्या हातावर आलं. डोळ्याखालून हनुवटीपस्तोर तळहातायवढा डाग. आन त्यात बारीक बारीक खड्डे.

पयलं मनात आलं ते पितळाचं न्हवतं. पयलं आलं ते वस्तीचं. उद्या मंत्री. वरच्या लोकांचा पुतळा, आन तोंड कोनी खराब केलं, तर वस्तीतल्या बाईनं. पुतळ्याला बोट लागलं की गाव कसं पेटतं ते आपल्याकडं कोनाला सांगावं लागत न्हाई. धा वर्सामागं शेजारच्या गावात हार काढून फेकल्याच्या नुसत्या वावडीवर पंधरा घरं जळालेली म्या डोळ्यानं पाहिले. आमची वस्ती कुडाची. कमळी आत बाळंतीन.

गफूरभाई तवाच सायकलवरून आले. वर पाहिलं. सायकल तशीच पडू दिली.

"या अल्ला. ये क्या किया?"

"पितळ घासून राहिले, मुकादम."

ते चपला काढून वर चढले. खिशातली किल्ली काढून त्या डागावर घासली. भुकटी पडली. वास घेतला. मंग माह्याकडं आसं पाहिलं की मला वाटलं, आता हे बी रडत्यात का काय.

"सुंद्राबाई, ये पीतल नै. शिमिट है. वरून रंग मारला."

मला कळलंच न्हाई. "आन भांडे?"

"भांडे," मुकादम म्हनले, "तुमी मला नका इचारू. मी चाकर मानूस."

तवर तिकडं कोपऱ्यावर हालचाल झाली. मांडववाले झोपून उठले. मुकादमानं मांडवाचा पांढरा कपडा वढला, दोघांनी मिळून साहेबाच्या डोस्क्यावरून टाकला आन गळ्याखाली गाठ मारली. मी गाठ धरून शिडीवर उभी. हाटेलवाला तात्या गिऱ्हाईक सोडून आला.

"पडदा कामून? पुतळा तर जुनाच हाय की."

"उद्या मंत्री आपल्या हातानं उघडनार," मुकादम म्हनले. "साब का हुकूम."

"मंग ही वर काय धरून बसली? साहेब पळून जातेत का?"

दोघंतिघं हसले. पर मोठ्या गल्लीतला एक जवान पोरगा हसला न्हाई. तो चबुतऱ्याजवळ आला, खाली पडलेल्या राखेकडं, सोनेरी पापडाकडं पाहिलं. "रंग कशाचा पडलाय? कोन वर चढलंय? वस्तीतली हाय न ही?" त्यानं शिटी मारली. कोपऱ्यावरून आनखी चार आले. "काढ गं कपडा."

"न्हाई," म्या म्हनलं.

"काढ म्हनतो ना."

मुकादम मधी उभे राह्यले. साठीचं मानूस, छाती धपापून राहिली. "हात नका लाऊ, बेटा. अध्यक्षसाब येऊन ऱ्हायले." ते काही येऊन ऱ्हायले न्हवते. मुकादमानं तात्याच्या पोराला डोळ्यानंच बोलवायला धाडलं.

कितीक येळ गेला म्हाईत न्हाई. गाठीवरचा हात घामानं भिजला. खाली वीस-पंचवीस झाले. एकानं शिडी हलवून पाहिली, नुसती गंमत म्हनून. म्या खाली बगितलं न्हाई. वस्तीकडं जानाऱ्या बोळाकडं बगत राह्यले, तिकडं अजून कोनी गेलं न्हवतं. तिकडं कोनी पळालं की समजायचं, झालं.

जीप आली. अध्यक्षसाहेब उतरले, पांढरे कपडे, कपाळाला आठ्या. "काय तमाशा लावलाय? बाई, खाली उतर."

"साहेब, तुमीच जरा वर या."

अध्यक्षाला झाडूवाली वर बोलवून राहिली. पर मुकादमानं कानात काई तरी सांगितलं आन ते चढले. दोन पायऱ्या. म्या कपड्याची कड त्यांच्यापुरती वर केली. त्यांनी पाहिलं. मोठ्ठ्यांदा वरडनार हुते, तोंड उघडलंच हुतं. मानसाच्या तोंडावरचा रंग उतरताना म्या त्या दिशी दोन डाव पाहिला.

हळू आवाजात म्हनले, "कोणाला बोललीस?"

"आजून न्हाई."

"काय पाहिजे तुला? यादीत नाव आहे तुझं."

म्या तसं ठरिवलं न्हवतं. मनात कायम व्हायचं हुतंच, दोन पोरी हुत्या. पर तोंडातून निघालं ते येगळंच. "वस्तीला पानी."

"उद्या मंत्रीसाहेबांना सांगून घोषणा करतो."

"घोषना नको साहेब. घोषना ह्यांनी बी केली हुती." म्या कपड्याकडं मान केली. "बाजारात मशीन उभी हाय. नारळ वस्तीत फोडा."

"बाजारातला पॉइंट ठरलाय. तू मला धमकी देऊन राहिलीस का?"

"न्हाई साहेब. मी पुतळा पुसून राहिले. फक्त गाठ सैल हुईत आली, हात दुखतोय."

त्यांनी खाली गर्दीकडं पाहिलं. त्या गर्दीतल्या प्रत्येकाच्या घरचं भांडं ट्रेक्टरात पडलं हुतं. माह्यापेक्षा त्यांलाच जास्त ठावं.

ते उतरले आन गर्दीला म्हनले, "कलर काम माझ्या परवानगीनं चालू आहे. पेंटरला मीच बोलावलंय. घरी जा सगळे." त्या पोरांना नावानं हाक मारली, खांद्यावर हात टाकून चा पाजायला नेलं. मंग जीपमधी बसताना ड्रायव्हरला बोलले ते मला वर ऐकू यावं यवढ्या आवाजात बोलले, "मशीनवाल्याला सांग, जागा बदलली."

त्यांच्या पाठीवर म्या इचारलं, "साहेब, माह्या आईचा तांब्या?"

जीप चालू झाली.

सिनेमाचे बोर्ड रंगविनारा पेंटर आला. कपड्याच्या आत दिस मावळस्तोर काम केलं. खड्ड्यांत लांबीची लुगदी भरली, घासून गुळगुळीत केली, वर सोनेरी हात मारला. खड्डे बुजायच्या आधी म्या एक डाव बगून घेतलं. पुतळा घडविनाऱ्यानं साहेबांला वन ठिवले न्हवते, राजबिंडा केला हुता. शिमिटाच्या खड्ड्यांनी मात्र गाल तसाच झाला हुता, जसा पेवातून वर बगायचा.

दुसऱ्या दिशी मंत्र्यांनी कपडा वढला, हार घातला. भाषनात म्हनले, ह्या गावानं आपली भांडीकुंडी वितळवून देशभक्ताला उभं केलं. टाळ्या झाल्या. मी झाडू घिऊन मांडवाच्या कडंला हुते. अध्यक्ष माह्याकडं बगत हुते का, ते म्या पाहिलं न्हाई.

मंग नारळ वस्तीत फुटला. मशीन दिसभर खाली गेली, पांढरा फुफाटा वर. बाया तोंडाला पदर लावून उभ्या. दिस कलला, फुफाटाच. मशीनवाला म्हनला, आनखी एक पाईप, मंग उचलनार. गयाबाई माहा हात धरून हुती, नखं रुतली. त्या शेवटच्या पाईपाला धूळ खाली बसली, चिखलाचा गारा आला, मंग गढूळ पानी मानसाच्या उंचीनं उडालं. आधी समद्यायनी नुसतं पाहिलं. हापसा बसला. पाटी लागली, पाटीवर अध्यक्षांचं नाव.

कायमच्या यादीत माहं नाव निघालं न्हाई. मला कायम केलं ते आनखी चार वर्सांनी, अध्यक्ष बदलल्यावर.

आता अध्यक्ष बी गेले, गफूरभाई बी गेले, म्हनून सांगून राहिले. लोक म्हनतेत, सुंद्राबाईनं वस्तीला पानी आनलं. आनलं. पर गावाच्या परातीची, हंड्याची, समईची बात म्या पोटात ठिवली. त्यात गरिबाचे बी भांडे हुते. ज्यांनी दिले त्यातल्या कितीक म्हाताऱ्या पुतळ्याला हात लावून तोंडाला लावायच्या, आपली परात समजून. मी शिडीवरून बगायचे आन गप ऱ्हायचे. वस्तीचं पानी म्या त्यांच्या भांड्यांच्या बदल्यात घेतलं. पुन्हा तसा टाईम आला तर पुन्हा तेच करीन, पर बरं केलं आसं मला म्हनवत न्हाई.

हापसा बसला त्या दिशी पयली घागर कमळीच्या घरी गेली. दुसरी म्या उचलली. गयाबाई म्हनली, "कुटं निघाली?"

"साहेबाची आंघोळ ऱ्हायली."

चौकात आले, चपला काढल्या, डोस्कं टेकवलं, शिडी चढले. पानी घ्यायला तांब्या न्हवता, पोरीचा पलास्टिकचा मग नेला हुता. आधी डोस्कं. मंग कान. डाव्या कानामागं हात फिरिवला तवा बोटाला एक खड्डा लागला. पेंटरच्या हाताला तो घावला न्हवता. म्या तिथं चिमटीनं पानी घातलं, आन ते आत मुरस्तोर बोट तसंच ठिवलं.